टवका उडालेली बाटली

“टवका उडालेली बाटली तिथल्या तिथे फोडून टाक,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “ठेवू नकोस. घरात राहिलेली वस्तू आज ना उद्या कुणीतरी वापरतंच.”

सून तेव्हा हसली होती. चांगली जाड काच, तोंडाशी नखाएवढा टवका काय तो गेलेला, आणि ती फोडायची? ‘काच परत द्या, पुन्हा भरून न्या’ असं गिऱ्हाइकांना सांगत दारोदार फिरायचं आणि आपल्याच अंगणात काचांचा ढीग घालायचा?

“दुधाला नाही चालणार, आई. पण दुसऱ्या कशाला तरी चालेल की,” ती म्हणाली. बाटली धुऊन तिने गोठ्याकडच्या खिडकीत ठेवली आणि सासऱ्यांना हाक मारली. “बाबा, औषधं कालवायला तुम्हाला नेहमी भांडं शोधावं लागतं ना? ही घ्या.”

सासूबाई हात पुसत राहिल्या, जरा जास्तच वेळ.

खरं तर काचेच्या बाटल्या हे सगळं खूळ सुनेचंच होतं. खूळ हा शब्द सासऱ्यांचा. इतकी वर्षं त्यांचं दूध पिशव्यांतून जायचं. वर गाईचं हसरं तोंड छापलेलं, खाली घराण्याचं नाव. मग एकदा गोठ्यातली थोरली गाय खाईना, पिईना, पोट ढोलासारखं टम्म. जनावरांच्या डॉक्टरने पोट उघडून पिशव्यांचा गोळा बाहेर काढला, आणि त्या गोळ्यात वरच्या वरच एक हसरी गाय होती. त्यांचीच पिशवी. डॉक्टर काही बोलला नाही, पण सून त्या दिवसापासून बोलायची थांबली नाही. नवऱ्याच्या मागे लागून, सासऱ्यांची मनधरणी करून, माहेरच्यांनाही कामाला लावून तिने बाटल्या आणल्याच. अर्ध्या लिटरच्या, रुंद तोंडाच्या, दाबून बसवायच्या निळ्या झाकणाच्या.

“काचेत काही लपत नाही,” ती गिऱ्हाइकांना सांगायची. “बाटली थोडा वेळ उभी ठेवा, मानेपाशी मलईची पिवळी रेघ दिसेल. पिशवीत दिसली होती कधी?”

लोकांना ते आवडलं. रिकामी बाटली विसळून दाराबाहेर ठेवायची, भरलेली आत घ्यायची. आल्या की बाटल्या सोड्याच्या गरम पाण्यात पडायच्या, ब्रशने घासल्या जायच्या, मग उलट्या करून निथळायच्या. पूर्वी गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती कडब्याची खोली होती. तिथे आता बाटल्यांची खोली झाली. एका बाजूला मळक्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गोठ्याकडच्या खिडकीखाली भरलेल्यांचे क्रेट. क्रेटमध्ये प्रत्येक बाटलीला आपापला चौकोनी खण.

आणि या खोलीत सकाळभर लुडबुड करायची ती चिमणी. सुनेची लेक, अजून शाळेत न जाणारी, पण कामाची हौस दांडगी. तिला काचेपासून लांब ठेवणं जमेना, तेव्हा आईने युक्ती काढली. ओरडण्यापेक्षा खेळ करावा, असं तिने कुठंतरी वाचलं होतं. “हे बघ, हा खण म्हणजे बाटलीचं घर. बाहेर एकटी बाटली दिसली की ती हरवलीय असं समजायचं. दोन्ही हातांनी धरायचं, हळूच घरी ठेवायचं. धावायचं नाही.” चिमणी खेळात इतकी रमली की रात्री झोपतानाही विचारायची, सगळ्या घरी गेल्या का गं? आणि आई म्हणायची, हो गं राणी, सगळ्या गेल्या.

तशी ही आई बिनघोर नव्हती हो. उलट सगळ्या घरात तिच्या काळजीची थट्टा चालायची. तिने टेबलाच्या कोपऱ्यांना फडकी बांधली होती, पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं होतं, द्राक्षंसुद्धा ती चिरून द्यायची. “ही पोरीला श्वासही गाळून देईल,” असं नवरा म्हणायचा. कॉलेजात शिकलेली, चार गोष्टी वाचणारी, चोहीकडे डोळे असणारी बाई. पण डोळे चोहीकडे असले तरी पाठ एकीकडे होतेच माणसाची.

त्या सकाळी ती पाठ फिरली ती चिमणीच्या दुधासाठीच. भरलेला शेवटचा क्रेट खिडकीखाली होता. त्यातली एक बाटली तिने घरासाठी उचलली आणि स्वयंपाकघरात फ्रीजमध्ये ठेवायला गेली. जाऊन यायला कितीसा वेळ लागणार? परत आली तेव्हा नवरा क्रेट टेम्पोत चढवत होता. चिमणी दोन्ही हात फ्रॉकला पुसत होती, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की आईने जाता जाता तिचा पापा घेतला.

टेम्पो गेला. तिने फरशी धुतली, सोड्याचं पाणी बदललं. चिमणीला भरवायला घेतलं, तोच सासरे गोठ्यातून आले. एक वासरू दावं तोडून पळालं होतं, त्याला धरून आणण्यात त्यांची दमछाक झाली होती.

“माझी बाटली कुणी हलवली?”

“कुठली बाटली, बाबा?”

“अगं, तू दिलेलीच की. टवक्याची. गोचिडांचं औषध कालवून ठेवलं होतं खिडकीत. गाईंना फवारायचंय. हे वासरू पळालं म्हणून तसाच गेलो.”

तिचा घास धरलेला हात हवेतच राहिला. “उघडी ठेवली होती?”

“उघडी कशी ठेवीन? चिमणी फिरते इथे. झाकण लावलं होतं चांगलं दाबून. तुझ्या त्या खोक्यातलं निळं.”

तिला ते औषध माहीत होतं. कुपीत असतं तोवर पिवळं, तेलकट. पाण्यात घातलं की ढवळून निघतं आणि पांढरंशुभ्र होतं. दुधासारखं. नाही, दुधासारखं कसलं. तशाच बाटलीत, तशाच झाकणाखाली ते दूधच दिसेल.

पण तेव्हा हे सगळं डोक्यात आलंच नाही. आली ती एकच गोष्ट. तिने चिमणीला उचललं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि तिचे पंजे नाकाशी धरले. साबण, भात आणि कसलासा किंचित रॉकेलसारखा वास.

“तोंड उघड. आ कर. मोठा आ.”

“आऽऽ.”

“काय प्यालीस? खिडकीतली बाटली घेतली होतीस? खरं सांग, मी रागावणार नाही. चाटलीस? झाकण उघडलंस?”

चिमणीला आधी हसू आलं, मग आईचं तोंड बघून रडू. “नाही उघडलं. ती एकटी होती. हरवली होती. मी तिला घरी ठेवलं.”

“कुठल्या घरी?”

पोरीने बोट दाखवलं. खिडकीखालची फरशी ओली होती आणि रिकामी होती.

लेक वाचली, हे सुनेला कळलं. आणि त्याच श्वासात हेही कळलं की आता दुसऱ्या कुणाचीतरी पाळी आहे. त्या क्रेटमधली एक बाटली तिनेच उचलली होती. एक घर रिकामं झालं होतं. पोरीने ते भरलं होतं, आईने शिकवलं तसं, दोन्ही हातांनी, न धावता.

नवऱ्याने फोन लगेच उचलला. मागे कपबश्यांचा आवाज होता.

“थांब. एकही बाटली देऊ नकोस.”

“झालं की सगळं वाटून. चौकात चहा घेतोय. का गं?”

“शेवटी चढवलेला क्रेट कुठे दिलास?”

“शेवटी चढवला तो दाराशी असतो, म्हणजे पहिला उतरतो. पुलापलीकडची गल्ली. अगं पण झालं काय? रडतेयस का तू?”

ती रडत नव्हती. दात वाजत होते. तिने सांगितलं. तिकडे कपबश्या वाजत राहिल्या. मग नवरा म्हणाला, “पुलाशी ये. मी पोचतो.”

सासरे पायरीवर मटकन बसले होते. तळहात उघडे, जणू बाटली अजून त्यांतच असायला हवी होती. सासूबाईंनी काही न विचारता नातीला सुनेच्या कडेवरून घेतलं आणि नळाखाली तिचे हात चोळू लागल्या.

“आई, मी तुमचं ऐकलं असतं—”

“जा आधी. मला बोलायचं ते मी नंतर पोटभर बोलीन. जा.”

स्कूटर काढता काढता तिने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्याने औषधाचं नाव विचारलं, किती पाण्यात किती घातलं ते विचारलं.

“माणसाच्या पोटात गेलं तर?” तिने विचारलं.

“जाऊ द्यायचं नाही. गेलंच तर उलटी करवत बसू नका, तेलकट औषध आहे, छातीत जाईल. सरळ मोठ्या दवाखान्यात. औषधाची कुपी बरोबर न्या. पण त्याला वास इतका उग्र असतो की ओठाला लावायच्या आधीच माणूस फेकून देईल. काळजी करू नका. वास येणारच. बहुतेक.”

या ‘बहुतेक’ने तिचा पूल येईपर्यंत पिच्छा सोडला नाही.

पुलावर नवरा टेम्पोला टेकून उभा होता. गल्ली समोरच सुरू होत होती. दोन्ही बाजूंना चिकटून उभी घरं, दारांना दोन दोन पायऱ्या, काही पायऱ्यांवर कुंड्या. इतर दिवशी याच पायऱ्यांवरच्या निळ्या झाकणांकडे बघून तिचा ऊर भरून यायचा.

“ऐक,” नवरा हलक्या आवाजात म्हणाला. “झाकणं सैल बसलीत म्हणून सांगू. बाटल्या परत घेऊ, उद्या दुप्पट देऊ. औषधाचं नाव काढलंस ना, तर उद्यापासून आपलं दूध या गावात कुत्रंही पिणार नाही.”

“आणि कुणी म्हणालं, असू दे सैल, मी ओतून घेतलंय पातेल्यात?”

तो टेम्पोचा टेकू सोडून सरळ उभा राहिला.

“मी खरं सांगणार. तू डावीकडची दारं घे, मी उजवीकडची. मलईची रेघ बघ आणि काठावर बोट फिरव. आणि पातेल्यात ओतलं असेल तर वास घे. स्वतः घे. त्यांच्यावर सोडू नकोस.”

पहिल्या दारात एक गलेलठ्ठ गृहस्थ हातात कप घेऊनच आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला माणूस मिळाला की सोडत नसत. “या या! आज दूधवाल्या बाई स्वतः? बिल थकलं की काय माझं?”

“काका, कप खाली ठेवा. आधी कप खाली ठेवा.”

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी कप पायरीवरच ठेवला. तिने वाकून त्यात जवळजवळ नाक बुडवलं. कॉफी. नुसती कॉफी. बाटली मागितली, काठावरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

“अहो, झालं काय? नासलं का दूध?”

“एका बाटलीत औषध गेलंय, काका. विषारी. ती तुमची नाही. बसा तुम्ही, निवांत प्या.”

“निवांत?” काकांनी कपाकडे असं बघितलं, जणू तो चावेल. तो कप त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही तो नाहीच.

दुसऱ्या दारात एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. चुलीवर दूध उतू गेलं होतं आणि घरभर करपलेला वास. त्या वासात दुसरा वास कसा कळणार? सुनेने गरम पातेल्यात बोट घालून चाटायला काढलं, आणि त्या बाईनेच तिचा हात धरला. “वेडी का काय तुम्ही? विष म्हणता आणि चाटता?” बाटली धुऊन पालथी घातलेली होती. काठ गुळगुळीत. सून भिंतीला टेकली. त्या बाईच्या पोराकडे बघितल्यावर तिला आपल्या लेकीचे रॉकेलचा वास येणारे पंजे आठवले.

“बसा जरा. पाणी देऊ?”

“नको. पुढची दारं आहेत.”

काहींनी आरडाओरडा केला. एकाने बाटली तिच्या अंगावर रिकामी केली आणि दार लावून घेतलं. दूध होतं ते, तिला बरंच वाटलं. एक म्हातारी म्हणाली, पिशवीत होतं तेच बरं होतं, आणि ते ऐकून सुनेने मान डोलावली. दारामागून दार गेलं तशी भीती कमी व्हायला हवी होती. पण ती उरलेल्या दारांवर जाऊन साचत होती. आधी ती साऱ्या गल्लीत पसरलेली होती. आता तिला मोजकीच घरं उरली होती, आणि प्रत्येक गुळगुळीत काठागणिक ती आणखी घट्ट होत होती.

गल्लीच्या टोकाला नवरा तिला भेटला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“माझ्या बाजूची सगळी बघितली. नाही.”

“माझीही. एक सोडून.”

ते एक घर टेलरमावशींचं.

टेलरमावशी एकट्या राहायच्या. सारी गल्ली त्यांच्याकडे कपडे आखूड करायला, चेन बदलायला द्यायची. चिमणीच्या अंगावरचा आजचा फ्रॉकही त्यांनीच शिवलेला, उरलेल्या कापडांचा, आणि खिसा मुद्दाम बाटलीच्या आकाराचा. काचेच्या बाटल्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांत आधी खूश झाल्या त्या. “पिशवी कात्रीने कापताना माझा जीव जायचा गं,” त्या म्हणायच्या. “कापड कापावं, दूध कशाला कापायचं?”

पायरीवर कालची बाटली होती. विसळलेली, पालथी, खाली घडी केलेलं फडकं. आजची नव्हती. दाराला कुलूप होतं.

तरीही तिने दार वाजवलं. मग फोन लावला, आणि फोन वाजला. आत, दारापलीकडे, बहुधा शिलाई मशीनवर. जुन्या फोनची ती किणकिण कुलपामागून येत राहिली आणि दोघं नवरा-बायको दाराकडे असे बघत राहिले की जणू तो फोन आता स्वतःच उठून कडी काढणार आहे.

समोरचं दार उघडलं. रात्रपाळी करून आलेली नर्स, डोळ्यांवर अजून झोप. तिच्याकडे दूध जात नव्हतं, म्हणून तिचं दार कुणी वाजवलं नव्हतं. “कोण वाजवतंय इतकं? मावशी नाहीत. सकाळीच गेल्या.”

“कुठे?”

“भाचीकडे. तिला बाळ झालंय ना. मी येत होते आणि त्या निघाल्या होत्या. इतक्या खुशीत की काय सांगू. झबली शिवलीत डझनभर.” नर्सने जांभई दाबली. “आणि तुमची बाटली. टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. म्हणाल्या, बाळंतिणीला असं दूध कुठे मिळणार? मी म्हटलं, मावशी, तिथेही गाई आहेत हो. पण ऐकतील तर ना.”

सुनेला आपण उभे आहोत की बसलो आहोत ते कळेना. नवऱ्याने तिच्या दंडाला धरलं होतं, म्हणजे उभीच असावी.

“त्यांना वास तर येईल,” ती म्हणाली. नर्सला नव्हे, कुणालाच नव्हे. “झाकण उघडल्यावर वास येईल. डॉक्टर म्हणाले, येणारच.”

नर्सची झोप तिथे उडाली. “कसला वास?”

त्यांनी सांगितलं. नर्सने तोंडावर हात ठेवला आणि मग हळूहळू काढला.

“मावशींना वास येत नाही. मोठा ताप आला होता ना मागे, तेव्हापासून. गॅस सुरू राहिला तरी कळत नाही, म्हणून मी येता-जाता डोकावते. तुम्हाला नव्हतं माहीत?”

नव्हतं माहीत. रोज दारात बाटली ठेवणाऱ्याला काय माहीत असतं? बाटली आत गेली आणि रिकामी बाहेर आली, एवढंच.

“भाचीला येईल ना वास,” नवरा म्हणाला. “भाचीला तरी येईलच.”

“भाची बाळंतीण आहे. रात्रभर जागी,” नर्स म्हणाली. “कुणीतरी चहात घालून हातात देईल, ती घटाघट पिऊन टाकेल. मी बघते ना रोज.” मग स्वतःलाच चिमटा काढल्यासारखी थांबली. “पण येईल. येईल वास.”

भाची राहते कुठे? नर्सला ठाऊक नव्हतं. मावशी नुसतं ‘भाचीकडे’ म्हणायच्या, जगात एकच भाची असावी तसं. भाचीचं नाव? ‘बबडी’. आता बबडीचा फोन नंबर कोण सांगणार! तो असणार कुलपामागे किणकिणणाऱ्या त्या फोनमध्ये. कुलूप तोडायचं ठरलं. नर्सच्या साक्षीनेच नवऱ्याने टेम्पोतली पहार आणली. फोन मशीनवरच होता, अर्धवट शिवलेल्या झबल्याशेजारी. त्यात ‘बबडी’ होती. बबडीचा नंबर लागत नव्हता. लावला, पुन्हा लावला. एक यांत्रिक बाई प्रत्येक वेळी तेच सांगत होती, तितक्याच शांतपणे.

बसस्थानकावर त्यांना परत आलेली एक गाडी सापडली. तिच्या कंडक्टरला मावशी आठवत होत्या.

“त्या होय? मांडीवर बाळ घेतल्यासारखं काहीतरी धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, काय सांभाळताय एवढं? तर म्हणतात, दूध आहे, हिंदकळू देऊ नका, गाडी नीट हाका म्हणावं. सगळी गाडी हसली.”

“उतरल्या कुठे?”

“मोठ्या फाट्यावर. तिथून दुसरी गाडी घेतली असणार. तिथून काय, चहूकडे गाड्या जातात.”

पोलीस चौकीतल्या हवालदाराने आधी ऐकलं ते ‘बाटली’ एवढंच. “दुधाची बाटली हरवली म्हणून तक्रार?” त्याने शेजारच्याकडे बघून डोळा मारला. सुनेने औषधाची रिकामी कुपी त्याच्या टेबलावर ठेवली. स्कूटरच्या डिकीत घालून आणलेली. कुपीवर कवटीचं चित्र होतं. त्याचं हसू गेलं. त्याने फाट्यावरच्या चौकीला फोन लावला, बबडीच्या नंबरावरून पत्ता निघतो का बघायला कुणाला तरी पिटाळलं. “निघेल,” तो म्हणाला. “वेळ लागेल, पण निघेल.”

वेळ. फाट्यावरून कुठेही जायला वेळ लागतो, एका कप चहाला कितीसा लागतो?

घरी तिने फोन केला तेव्हा सासूबाईंनी उचलला. चिमणी झोपली होती, तिचा श्वास नीट होता, दोनदा बघितलं होतं. सासरे काही खात नव्हते. अंगणात बसून त्यांनी घरातल्या टवका उडालेल्या झाडून साऱ्या बाटल्या एकेक करून फोडल्या होत्या.

“आई,” ती म्हणाली, “बोला ना मला. तुम्ही म्हणाला होतात, नंतर बोलीन.”

“आधी ती बाई सापडू दे,” सासूबाई म्हणाल्या. “मग बोलीन.”

आता ती मावशींच्या पायरीवर बसली आहे. तुटलेलं कुलूप शेजारी आहे, विसळलेली रिकामी बाटली मांडीवर. एका हाताने ती बबडीचा नंबर लावते, दुसऱ्या हाताचा अंगठा बाटलीच्या काठावरून गोल गोल फिरत राहतो. गुळगुळीत काठ. नवरा फाट्याकडे निघाला आहे, गाडीमागून गाडी विचारत. गल्लीतले लोक आता ओरडत नाहीत. बँकवाले काकाही आपल्या सगळ्या ओळखीपाळखीच्यांना फोन करत सुटले आहेत. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते, आणि तुम्ही इथवर आला आहात म्हणून तुम्हालाही थांबवते आहे.

तुमच्या आसपास कुणाकडे नुकतं बाळ झालंय का? आज त्यांच्याकडे एक पाहुणी आली असेल, ठेंगणी, गळ्यात मोजपट्टी विसरून राहिलेली, पिशवीत खूप झबली. तिने टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बाटली आणली असेल, निळ्या झाकणाची. आत पांढरं आहे, पण मानेपाशी मलईची रेघ नाही, आणि काठाला नखाएवढा टवका आहे. तिला सांगा, उघडू नका. तिला विचारा, बाळंतिणीने काही घेतलं का, तुम्ही घेतलंत का. घेतलं असेल तर उलटी करवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. तुमच्या ओळखीचं घर नसलं तरी चालेल. लाजू नका, वाईट दिसेल म्हणून थांबू नका. उठा, आणि तेवढं एक दार वाजवून या.